घोटभर उशीर

लोक मला विचारतात, अहो, तुम्ही हरवलंत ना त्या माणसाला? गेलात ना जबलपूरला? मग इतक्या वर्षांनी त्याचा विषय निघाला की तुमचं तोंड असं कडू का होतं? मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आज सांगते, पण पहिल्यापासून ऐकावं लागेल आणि मध्ये तोडायचं नाही.

पुढे माझं सगळं आयुष्य ह्याच कामात गेलं, म्हणून आधी ते काम काय ते सांगून टाकते. कॉम्प्युटरवर भाषा शिकवायची, आणि शिकवता शिकवता कॉम्प्युटरनं शिकणाऱ्याला ओळखायचं. ह्याला काय येतं, काय येत नाही, कुठं अडतो, कुठं नुसत्या थापा मारतो, ह्याचं एक चित्र मशीन आपल्या पोटात तयार करतं आणि त्या चित्राकडे बघून पुढचा धडा काढतं. समोर बसलेल्या माणसाकडे ते बघत नाही. त्याला डोळे कुठून असणार? हे चित्र चांगलं कसं काढावं ह्यावर थंडगार खोल्यांमध्ये बसून लोक तासन् तास बोलतात. मीही बोलते. आणि दर वेळी मला मध्य प्रदेशातल्या बालाघाटची आमची मुलींची शाळा आठवते, ती खोली आठवते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ऐंशीची सालं निम्म्याहून जास्त उलटून गेली होती. कुठल्याशा सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले. टाइपरायटरसारख्या बटणांचा एक डबा, वर टीव्हीसारखा पडदा. शाळेत कूलर एकच होता, तो बडी बहनजींच्या खोलीतून काढून मशीनच्या खोलीत बसवला. बडी बहनजी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तिकडे त्यांना सगळेच तसं म्हणत. मशीनला गर्मी सोसत नाही म्हणे, बहनजींना सोसते. शिवणाच्या बाईंनी झालर लावलेली खोळ शिवली. दाराशी नारळ फुटला, पडद्याच्या वरच्या कडेला कुंकू लागलं, आणि आम्ही मुली चपला बाहेर काढून देवळात जातात तशा आत गेलो.

मशीनबरोबर एक सर आले, इंग्रजीचे. जबलपूरला त्यांचं डॉक्टरेटचं काम चाललं होतं आणि त्यासाठी त्यांनी एक प्रोग्राम स्वतः लिहिला होता. दुसरी मशीनं फक्त चूक की बरोबर एवढंच सांगतात, माझं मशीन मुलीला आतून ओळखतं, असं ते पहिल्याच दिवशी छाती फुगवून म्हणाले. हिंदीत म्हणाले, त्यांना मराठीचा गंध नव्हता. प्रोग्रामला ओळखायला कोणीतरी मुली पाहिजे होत्या, म्हणून आम्ही होतो. प्रत्येकीला एक नंबर दिला होता. बसायचं, नंबर टाकायचा, की मशीन आपलं चित्र बाहेर काढणार आणि आपल्याजोगे प्रश्न विचारणार. सरांचा स्वतःचा नंबर एक होता. पाहुणे आले की ते एक दाबायचे आणि सगळ्यात हुशार विद्यार्थ्याला मशीन कसले कठीण उतारे देतं ते दाखवायचे. हुशार विद्यार्थी म्हणजे ते स्वतः.

ह्या खेळात माझा जीव कशाला अडकला होता, ते सांगते. वर्षाच्या शेवटी मशीन जिला सगळ्यात वर बसवील, तिला सरकार जबलपूरच्या एका कोर्सला पाठवणार होतं. राहणं, पुस्तकं, सगळं सरकारचं, आणि पुढं तिथल्याच कॉलेजात शिकायला वाट मोकळी. बाबा सिंचाईच्या, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात बाबू होते. त्यांनी मला साफ सांगितलं होतं की मी तुले माह्या भरवशावर धाडू शकत नाही, पण सरकारनं नेलं त अडवणार नाही. आणि मावशीनं गोंदियाच्या एका स्थळाचा विषय काढूनच ठेवला होता. मुलगा चांगला होता, असं सगळे म्हणत. असेल. मला जबलपूर पाहिजे होतं. मला इंग्रजी शिकायचं होतं, आणि ते मला येतही होतं, वर्गात सगळ्यात चांगलं येत होतं. मी ऐट म्हणून सांगत नाही, खरं तेच सांगते.

आता आमच्या घरची एक रीत. आजोबांपासून आमचं घर सरकारी नोकरीतलं. मोठ्या माणसानं काही विचारलं की त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, संपलं का ते बघायचं, मग एक घोट पाणी गिळायला लागेल इतकं थांबायचं, आणि मग उत्तर द्यायचं. फाडकन बोललात तर बाबा रागवत नसत, पण मान हलवून म्हणत, तू ऐकत नव्हतीस, तू तुह्या बोलण्याची वाट पाहून राह्यली होतीस. ऑफिसात साहेबांपुढेही ते तसेच थांबत. बाजारात भाजीवाली भाव सांगायची, तिच्यापुढेही थांबत, आणि ती बिचारी त्या थांबण्यातच घाबरून भाव कमी करायची. आम्हा भावंडांना हे कोणी बसून शिकवलं नाही. जेवताना, अभ्यासाला बसताना, ते आमच्या अंगात उतरलं.

तर मी मशीनसमोर बसले. पडद्यावर प्रश्न आला. कुंकू लावलेलं मशीन, चपला बाहेर, विचारणारं मोठं. मी प्रश्न पूर्ण वाचला, घोटभर थांबले, आणि बरोबर उत्तराचं बटण दाबलं. पुढचा प्रश्न आला. घोटभर थांबले, बरोबर बटण दाबलं. महिनेच्या महिने मी असंच केलं, आणि माझ्या उत्तरांत चूक शोधून सापडली नसती.

आणि माझे धडे सोपे सोपे होत गेले. शेजारच्या मशीनवर तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची मुलगी बसायची. ती बटणांवर अशी तुटून पडायची की डबा हलायचा, निम्मी उत्तरं चुकायची, आणि तिला मशीन विलायतेतल्या बागांवरचे उतारे देत होतं. मला मात्र मांजर चटईवर बसली आहे. मांजर कुठं बसली आहे? चटईवर बसली आहे, मेली. मी मांजरीला शिव्या घालत बरोबर बटण दाबायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मांजर, तीच चटई.

ह्याचं कारण सरांनीच एकदा पाहुण्यांपुढे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तेव्हा मी मागे उभी होते. उत्तर बरोबर आणि झटकन आलं, म्हणजे मुलीला पक्कं येतं. चूक पण झटकन आलं, म्हणजे येतं, हात घसरला. आणि बरोबर पण उशिरा आलं, म्हणजे मुलगी अंदाजानं ठोकते आहे, नाहीतर शेजारणीला विचारते आहे. बरोबर पण उशिरा, ती मी. त्या मशीनच्या पोटात माझं जे चित्र होतं ते एका ढ, चोरट्या मुलीचं होतं.

माझी एक मैत्रीण किरनापूरहून रोज बसनं यायची. आंबेडकरी घरातली, जिभेची तिखट, कोणाच्या बापाला न भिणारी. ती म्हणाली, दाब ना पटपट, काहून बसतं ध्यान लावून? मी दाबून पाहिलं. हातच उठेना. आणि खरं सांगू, मला ते करायचंही नव्हतं. माझं बरोबर असताना मी का बदलू? मी सरांकडे गेले आणि सांगितलं की सर, मी अंदाज करत नाही, मला येतं, तुम्ही तोंडी विचारून बघा. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. म्हणाले, मैं क्या करूँ, मशीन बोल रही है.

हे वाक्य त्यांचं फार लाडकं होतं. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामच्या मागे ते असे लपायचे, पोरं पदरामागे लपतात तसे.

घरी मी रडले, म्हणून बाबा शाळेत आले. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, सायकल फाटकाशी उभी केली. भांडायला आले नव्हते, विचारायला आले होते. मी दारात उभी. सर आणि आणखी दोन-तीन मास्तर आत चहा पीत होते. बाबांनी हात जोडून एवढंच म्हटलं की मुलीचा अभ्यास चांगला आहे, एकदा पाहावं. सरांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, आपको क्या चाहिए, मैं मशीन से झूठ बुलवाऊँ?

बाबांनी त्यांचं पूर्ण ऐकलं. संपलं का ते पाहिलं. आणि घोटभर थांबले.

त्या घोटाएवढ्या वेळात सरांना हसू फुटलं. ते बाकीच्या मास्तरांकडे वळले आणि म्हणाले, "अब समझ में आया, लड़की किस पर गई है."

सगळे हसले. बाबांच्या तोंडात आलेलं उत्तर तोंडातच राहिलं. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि ते बाहेर आले. सायकलचं कुलूप उघडताना मला म्हणाले, सर कामात आहेत पोरी, आपण उगाच त्यांचा वेळ घेतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या ऑफिसात ज्यांच्या थांबण्याला मान होता, त्या माणसाला ह्यानं चहाच्या कपावर ढ ठरवलं. त्या क्षणी मी मनाशी म्हटलं, थांब लेका. तुला तुझ्याच मशीनकडून ढ म्हणवून घेतलं नाही तर बघ.

मग मी डोकं चालवलं. मशीन माणसाला पाहत नाही, नंबर पाहतं. नंबर टाकून कोणीही बसलं तरी ते त्या नंबराचं चित्र काढत राहणार. सरांनी मुलीला आतून ओळखण्याची एवढी विद्या घातली होती, पण स्टुलावर कोण बसलं आहे हे विचारायची साधी अक्कल घातली नव्हती. आणि मशीनची खोली झाडायची पाळी मुलींकडेच असायची. प्रार्थनेच्या आधी ऑफिसातून किल्ली घ्यायची, झाडायचं, पुसायचं, खोळ झटकायची. मुली ह्या पाळीला कंटाळायच्या. मी सगळ्यांच्या पाळ्या आनंदानं मागून घेतल्या. बडी बहनजींनी तर प्रार्थनेच्या वेळी माझं नाव घेऊन शाबासकी दिली, मुलगी असावी तर अशी.

किरनापूरची मैत्रीण दाराशी झाडू घेऊन उभी राहायची. कोणी येताना दिसलं की झाडू भिंतीवर आपटायची. मी मशीन सुरू करायची आणि नंबर टाकायची, एक. सर बनून बसायची.

पहिल्या दिवशी मैत्रीण म्हणाली, "सगळे जवाब गलत देऊन टाक. बसू दे त्याले बोंबलत."

मी म्हटलं, "नाही. एकही गलत देणार नाही."

"मंग सूड कसा होईन वं?"

"असाच होईन. मी जशी आहो तशीच बसतो."

आणि तेच केलं. मी एकही उत्तर मुद्दाम चुकवलं नाही. त्याची गरजच नव्हती. सरांचे ते कठीण उतारे मी वाचले, प्रश्न पूर्ण वाचला, बाबा थांबतात तसं थांबले आणि बरोबर उत्तर दाबलं. विलायतेतल्या बागांवरचे उतारे काय, वर्तमानपत्रातले काय, मला सगळे जमत होते, आणि ते वाचताना मजाही येत होती. पण मशीनला माझी मजा दिसत नव्हती, त्याला फक्त उशीर दिसत होता. हळूहळू नंबर एकचे उतारे लहान होत गेले. बागा गेल्या, वर्तमानपत्रं गेली, मग बाजारात गेलेला मुलगा आला, मग कुत्रा आला. ज्या दिवशी नंबर एकसमोर मांजर येऊन चटईवर बसली, त्या दिवशी मी आणि मैत्रीण तोंडात ओढणी कोंबून हसलो. मला ती मांजर पहिल्यांदा आवडली.

सरांना ह्याचा पत्ता नव्हता. पाहुणे आल्याशिवाय ते आपल्या नंबरावर बसत नसत, आणि त्या काळात पाहुणे आले नाहीत. मी रोज वर्गात त्यांच्याकडे बघायची आणि मला आतून उकळ्या फुटायच्या. त्यांनी ठेकेदाराच्या मुलीला शाबास म्हटलं तरी मला वाईट वाटेनासं झालं. म्हण बाबा, जेवढं म्हणायचं तेवढं म्हणून घे.

मग भोपाळहून मोठे साहेब येणार असं ठरलं. सरांचं काम बघणार आणि जबलपूरला जाणाऱ्या मुलीचं नावही त्याच दिवशी पक्कं करणार. शाळेला चुना लागला, समोसे आले, झेंडूच्या माळा आल्या. बडी बहनजींनी ठेवणीतली साडी नेसली. आम्हा मुलींना मशीनच्या खोलीत भिंतीला लावून उभं केलं. साहेब मधल्या खुर्चीवर बसले. कूलर त्यांच्याकडे वळवला होता, त्यामुळे बहनजी पदरानं वारा घेत होत्या.

सरांनी भाषण केलं. हे मशीन दहा मिनिटांत माणूस ओळखतं आणि मग कधी फसत नाही, असं म्हणाले. मला तर वाटलं हसू बाहेर पडतं की काय, मी मैत्रिणीच्या हाताला चिमटा काढला. मग ते ऐटीत स्टुलावर बसले आणि त्यांनी एक दाबला.

मांजर आली.

सर थोडे चपापले. मग हसले, म्हणाले, सुरुवातीला सोपं देतं, आता बघा. आणि त्यांनी फटाफट उत्तरं द्यायला सुरुवात केली. सगळी बरोबर, सगळी झटकन. पण मशीनच्या पोटात त्यांचं जे चित्र मी इतके दिवस बसून काढलं होतं, ते काय चार उत्तरांत पुसणार? ते चित्र अंदाजानं ठोकणाऱ्या, चोरट्या मुलाचं होतं. तो मुलगा एकदम फटाफट बरोबर कसा सांगायला लागला? मशीन विचारात पडलं, पडदा जरा कोरा राहिला, आणि मग त्यावर इंग्रजीत ओळ उमटली की तुम्हाला कोणीतरी उत्तरं सांगत आहे, कृपया एकटे बसा आणि स्वतः विचार करा.

साहेबांनी ती मोठ्यानं वाचली आणि ते पोट धरून हसले. त्यांच्याबरोबर आलेले हसले. बडी बहनजींनीही पदर तोंडाला लावला. सरांनी पुन्हा बटणं दाबली, आणखी झटकन दाबली, आणि मशीननं पुन्हा तेच सांगितलं. सरांच्या मानेवरून घाम उतरताना मी बघितला, अगदी सावकाश बघितला. शेवटी ते वळले आणि म्हणाले, "सर, मशीन मुझे ग़लत समझ रही है."

ह्याच वाक्यासाठी मी सगळ्यांच्या पाळ्या झाडल्या होत्या. मी त्यांचं वाक्य पूर्ण ऐकलं. घोटभर थांबले. मग भिंत सोडून पुढे झाले आणि म्हटलं, "फिर मुझे भी ग़लत समझी होगी, सर."

साहेबांनी विचारलं, ही कोण? बहनजींनी सांगितलं की अभ्यासात चांगली आहे, पण मशीनमध्ये मागे आहे. साहेबांचा चेहरा अजून हसराच होता. मला समोर बोलावून ते म्हणाले, चला, मीच विचारतो. आणि त्यांनी इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला.

मी ऐकला. संपल्याची खात्री केली आणि थांबले. तेवढ्यात साहेबांनी बाही सारून घड्याळ पाहिलं. त्यांचा दोष नव्हता, त्यांना पुढे परसवाड्याला जायचं होतं. पण मला त्यांच्या मागे उभे असलेले सर दिसले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर चढत होता, त्या दिवशी चहाच्या कपावर चढला होता तसाच.

माझं डोकं फिरलं. मी उत्तर दिलं, आणि दुसरा प्रश्न साहेबांच्या तोंडात निम्मा असतानाच त्याचंही उत्तर दिलं. तिसऱ्याला तर त्यांनी तोंड उघडलं न उघडलं तोच. मी साहेबांकडे बघतच नव्हते, मी सरांच्या त्या ओठाकडे बघत होते. एकेका उत्तरासरशी तो खाली येत होता, आणि मला तो आणखी खाली पाहिजे होता. त्या मशीनसाठी महिनेच्या महिने जे मी केलं नाही, ते ह्या माणसाचं तोंड पाडण्यासाठी मी एका दमात करून टाकलं. साहेब खूश झाले. बड़ी तेज़ लड़की है, असं म्हणाले आणि माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं.

साहेब गेल्यावर सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. विचारायला लागले, मेरे नंबर पर तुम ही... आणि मी म्हटलं, जी सर, मैं ही बैठती थी. त्यांचा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. ते काही करू शकत नव्हते. तक्रार करायची तर स्टुलावर कोण बसलं आहे हे आपल्या मशीनला कळत नाही, असं कबूल करावं लागलं असतं. मी चपला घालून त्यांच्या समोरून निघाले. इतकं गोड मला त्यानंतर आयुष्यात काही लागलं नाही. ते खोटं कशाला सांगू?

मी घरी जवळजवळ पळत गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. तिला सांगितलं, तिनं देवापुढे साखर ठेवली. मग बाबा ऑफिसातून आले. ओसरीवर सायकल लावली, पाय धुतले, आत येऊन बसले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सरांचा घाम, साहेबांचं हसणं, माझं नाव लिहिलं ते. तुमचा सूड घेतला, असं मात्र म्हटलं नाही, पण मला वाटलं त्यांना ते कळेल. बाबांनी मध्ये एक शब्द काढला नाही. आईनं त्यांच्या हातात पाण्याचा गिलास दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं हळूहळू बोलायला लागले.

"जाशील त खरी, पोरी. पण मी म्हणून राह्यलो होतो का, तू तिकडं गेल्यावर..."

"हौ, राहीन ना मी."

बाबांचं तोंड उघडंच होतं. त्यांचं वाक्य अजून चाललेलं होतं. आईचा तांदळातला हात थांबला. मला कळलं, पण उत्तर बाहेर पडून गेलं होतं, ते कसं परत घेणार? बाबा गिलास हातात धरून बसले. मग ते एक घोट पाणी प्याले, आणि म्हणाले, "बरं."

त्या वाक्यात पुढे काय होतं ते मला आजवर माहीत नाही. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीत मला बसवायला ते आले, तेव्हा मी विचारलं. सुट्टीत आले की विचारायची, लग्नानंतर विचारलं, त्यांच्या आजारपणात उशाशी बसून विचारलं. ते नेहमी पूर्ण ऐकून घेत, थांबत, आणि म्हणत, काही नाही वं, असंच. आणि त्या दिवसानंतर त्यांनी मला मोठं काही विचारलंच नाही. साधं साधं विचारत. जेवली का? गाडी वेळेवर आली का? मी तेज झाले होते ना. मी घरात थांबून बघायची, घोटभर, दोन घोट, पण पुढून प्रश्नच येत नसे.

मशीनमधल्या माझ्या चित्राचा राग केव्हाच फिटला. बाबांवर हसल्याचाही मी त्या खोलीत वसूल केला. बाबांचं वाक्य तोडल्याचा हा राग मात्र फिटत नाही, कारण हा मी कोणाच्या नावावर टाकू? मी त्या माणसाच्याच नावावर टाकते. तो आता म्हातारा झाला असेल. घरात मुलं, सुना, नातवंडं असतील. त्यानं काही विचारायला तोंड उघडावं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला फाडकन उत्तर मिळावं, रोज मिळावं, एवढंच माझं मागणं आहे.